मोटरहोमच्या सांडपाण्याचा व्हॉल्व्ह गळतोय? आधी खाच साफ करा, मग पाना हातात घ्या

डम्प स्टेशनवर, म्हणजे टाकीतलं सांडपाणी सोडायच्या जागी, होज जोडण्यासाठी बाहेरची कॅप काढली, दोन्ही हँडल नीट आत ढकललेली आहेत, आणि तरीही पाईपमधून घाण पाण्याचा लोंढा येतो. अमेरिकेत आरव्ही (मोटरहोम) घेऊन फिरणाऱ्यांकडून ही तक्रार पुन्हापुन्हा ऐकू येते. दर वेळी पहिला प्रश्न असतो, ‘नवा व्हॉल्व्ह कोणता मागवू?’ बहुतेक वेळा तो मागवायची गरज नसते. व्हॉल्व्ह शाबूत असतो, पण त्यातलं सरकतं पाते शेवटपर्यंत जाऊन बसत नाही, कारण ते जिथे बसायचं त्या खाचेत काहीतरी अडकलेलं असतं.

खालच्या तपासण्या स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. आतला गाळ न धुता व्हॉल्व्ह बदलला, तर नव्यातूनही तसंच गळायला लागू शकतं.

आत काय असतं

मोटरहोमला बहुधा दोन प्रकारच्या टाक्या असतात. संडासाची ब्लॅक टँक, आणि बेसिन, शॉवर, सिंक यांची ग्रे टँक. मोठ्या गाड्यांत स्वयंपाकघराची ग्रे टाकी वेगळी असते. ब्लॅक टाकीचा पाईप ३ इंची, ग्रे टाकीचा बहुतेक वेळा दीड इंची. काही गाड्यांत ग्रेलाही ३ इंचीच. दोन्ही पाईप पुढे एकत्र येतात आणि एकाच तोंडातून बाहेर पडतात. कॅप बसते ती या तोंडावर.

प्रत्येक पाईपवर एक सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह असतो. काळ्या प्लॅस्टिकचा चपटा सांगाडा, त्यात प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं पाते, पात्याला जोडलेली दांडी आणि टोकाला हँडल. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना पाईपचे फ्लँज (टोकाच्या रुंद कडा), मध्ये एकेक रबरी सील, आणि हे सगळं चार बोल्टांनी आवळलेलं. हँडल ढकललं की पाते पाईप आडवा कापत जातं आणि समोरच्या खाचेत शिरतं. ही खाच अरुंद असते. तिच्यात ओल्या कागदाचा लगदा साचला, की पाते २-३ मिलिमीटर अलीकडेच थांबतं. हाताला ‘बंद झालं’ असं वाटतं, पण टाकीत दीडशे लिटर पाणी असेल, तर तेवढी फट पुरेशी होते. पुढच्या प्रत्येक वेळी बंद करताना पाते तो लगदा आणखी ठासून बसवतं. म्हणून ही गळती आपोआप कमी होत नाही, वाढत जाते.

लक्षणं नीट ओळखा

‘गळतंय’ या एका शब्दात चार वेगवेगळे बिघाड येतात.

कॅप काढल्यावरच पाणी येतं, एरवी गाडीखाली कोरडं असतं: पाणी पात्याच्या पलीकडे पाझरून कॅपमागच्या पाईपमध्ये साचतंय. सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार हाच, आणि बहुधा घरच्या घरी सुटणारा.

व्हॉल्व्हच्या सांगाड्यावरून, बोल्टांजवळून थेंब पडतात: सील दुमडलंय, बोल्ट सैल झालेत, किंवा सांगाड्याला अथवा फ्लँजला तडा गेलाय.

दांडी बाहेर येते तिथून थेंब येतो: दांडीभोवतीचं छोटं सील झिजलंय. फक्त टाकी रिकामी करताना, म्हणजे पाते उघडं असताना थेंब येत असेल, तर बिघाड तेवढाच. हँडल बंद असतानाही ठिबकत असेल, तर टाकीकडच्या बाजूचं मोठं सीलही पाणी सोडतंय.

हँडल लोण्यातून सुरी जावी तसं सरकतं, पण पाण्याच्या धारेवर काहीच परिणाम होत नाही: दांडी पात्यापासून सुटलीये. हे धुऊन सुटणार नाही. पुढच्या साफसफाईच्या पायऱ्या सोडून थेट व्हॉल्व्ह बदलण्याच्या भागाकडे जा.

आणखी एक गोष्ट आधीच वगळून टाका. एसीचं पाणी आणि पावसाचं पाणी चौकटीवरून वाहत येऊन नेमकं पाईपच्या टोकावरून ठिबकतं. कोरड्या दिवशी, एसी बंद ठेवून, व्हॉल्व्ह फडक्याने पुसून खाली कोरडा कागद पसरा आणि अर्ध्या तासाने पाहा. थेंब कागदावर कुठे पडलाय, त्यावरून तो कुठून आला हे कळतं.

तपासणी १: कोणता व्हॉल्व्ह? खर्च: खाण्याच्या रंगाची बाटली

दोन्ही टाक्या एकाच तोंडातून बाहेर पडत असल्याने कॅपमागचं पाणी कुणाचं, हे नुसत्या वासावरून ठरवू नका. स्वयंपाकघरातलं पाणी तीन दिवस टाकीत राहिलं, तर त्याला संडासाइतकाच वास मारतो. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, तेलकट भांडी हे सगळं आंबतं. या वासावरून कित्येकांनी चांगला ब्लॅक व्हॉल्व्ह काढून बदललाय आणि गळती ग्रेची निघालीये.

दोन्ही टाक्या रिकाम्या करून एकदा धुऊन घ्या. व्हॉल्व्ह बंद करा, कॅप काढून ठेवा, खाली बादली लावा. संडासातून साधारण २० लिटर पाणी सोडा, त्यात हिरव्या रंगाचे १०-१५ थेंब. सिंकमधून तितकंच पाणी, त्यात लाल रंग. तासाभराने बादलीत पाहा. हिरवं आलं तर ब्लॅक, लाल आलं तर ग्रे, मळकट तपकिरी आलं तर दोन्ही. ग्रे टाक्या दोन असतील, तर सिंक आणि शॉवरची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी घ्या.

वीस लिटरने थेंबही आला नाही, तर टाकी पाऊण भरून पुन्हा पाहा. पाण्याची उंची वाढली की पात्यावरचा दाब वाढतो. काही सील अर्ध्या टाकीपर्यंत धरतात आणि नंतर सोडतात.

तपासणी २: हँडल खरंच पूर्ण आत गेलंय का? खर्च: शून्य

हँडलच्या आड गाडीचा पत्रा, होज ठेवायची नळी किंवा चौकटीचा कोपरा येतोय का, ते वाकून पाहा. कुठे बाहेरच्या पट्टीला हँडल टेकतं आणि पाते अर्धा सेंटिमीटर अलीकडे राहतं. दांडी वाकली असेल, तरी तसंच होतं.

मग होज जोडा, टाकीत पाणी असू द्या, आणि हँडल पाच-सहा वेळा पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. शेवटच्या ढकलीला सरळ रेषेत दाब द्या. तिरका जोर दिला तर पाते सीलची कड मुडपतं. लाथ मारून बंद करणारे लोक दिसतात. त्यांच्या व्हॉल्व्हची दांडी आधी जाते.

व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय याची खात्री असेल, त्या दिवशी दांडीवर, ती सांगाड्यात शिरते अगदी त्या जागी, पक्क्या मार्करने रेघ मारून ठेवा. पुढे कधी शंका आली, तर रेघ बाहेर दिसते का एवढंच पाहायचं. दिसली, तर खाचेत काहीतरी आहे. जिथे दांडी दिसते अशा प्रत्येक व्हॉल्व्हवर ही रेघ असावी. पुढची निम्मी शोधाशोध तिने वाचते.

तपासणी ३: खाच धुणे. खर्च: पाणी, साबण आणि धीर

बहुतेकांचं काम इथेच होतं, म्हणून ही पायरी घाईने करू नका.

आधी वाहत्या पाण्याने. टाकी दोन तृतीयांश भरा, म्हणजे साधारण १०० लिटर. होज जोडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. धार जोरात असतानाच हँडल हळूहळू आत आणा, पाते अर्ध्यावर, मग पाऊण बंद. वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो, आणि तो नेमका खाचेच्या तोंडाशी घासत जातो. तिथे पाच-दहा सेकंद थांबा, परत उघडा, परत आणा. एका टाकीत हे तीन-चार वेळा होतं. दोन टाक्या पाणी यासाठी धरून चाला. होजच्या सुरुवातीला पारदर्शक कोपर (वळणाचा जोड) जोडलं असेल, तर कागदाचे तुकडे सुटून जाताना दिसतात. ते दिसायचे थांबेपर्यंत थांबू नका.

त्याने भागलं नाही, तर भिजवणे. ब्लॅक टाकीसाठी २०-३० लिटर नळाचं गरम पाणी (उकळतं नको), अर्धी वाटी भांड्याचा द्रव साबण, आणि आरव्हीच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या मापाने. रात्रभर ठेवा. सकाळी कॅप घट्ट लावून गाडी थोडी फिरवून आणली तर पाणी टाकीत आपटून व्हॉल्व्हजवळचा गाळ हलतो. मग पुन्हा वरची वाहत्या पाण्याची कृती.

बर्फाचे खडे टाकून टाकी ‘घासली जाते’ असा सल्ला सर्रास मिळतो. बर्फ तरंगतो; खाच तळाशी असते. त्याच्या भरवशावर राहू नका.

ब्लीच टाकू नका. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो, आणि तो संडासाच्या भांड्यातून गाडीतच वर येतो. तुंबलेले पाईप उघडायची तीव्र रसायनंही नकोत. रबर कडक होतं आणि पुढच्या माणसाच्या हातावर ते पाणी उडतं.

उलट्या दिशेने धुण्याचं उपकरणही मिळतं. तोंडावर ते बसवून बागेच्या होजने पाणी आत, म्हणजे टाकीकडे सोडायचं. खाचेतला ठासलेला लगदा मागे ढकलायला ते उत्तम आहे. दोन अटी: पिण्याच्या पाण्याचा होज याला कधीही लावायचा नाही, आणि एका माणसाने संडासाचं भांडं उघडं धरून आत उभं राहायचं. पाणी किती चढलं हे बाहेरून कळत नाही. टाकी भरली की ते भांड्यातून नाहीतर छतावरच्या नळीतून बाहेर येतं.

आपल्या स्वयंपाकाची ग्रे टाकी

मराठी घरात ग्रेचा व्हॉल्व्ह ब्लॅकच्या आधी गळायला लागतो असं बऱ्याचदा दिसतं. कारण उघड आहे. गाळणीतून निसटलेली चहापत्ती, फोडणीची मोहरी, ओल्या खोबऱ्याचा चव, भाताची शितं. यातलं काहीच पाण्यात विरघळत नाही. त्यावर गार झालेल्या तुपाचा-तेलाचा थर बसतो आणि सगळं एकत्र चिकटून खाचेत बसतं. दीड इंची व्हॉल्व्हची खाच तशीही लहान असते. एकच मोहरी पात्याच्या धारेखाली आली, तरी रात्रभर थेंबथेंब चालू राहतं.

इथे थंड पाणी उपयोगाचं नाही. चरबी सुटायला गरमच हवं. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, दोन-तीन तास, मग वाहत्या धारेत पाते पुढे-मागे. कढई-पातेली आधी कागदाने पुसून मग धुवायची आणि सिंकला बारीक जाळी ठेवायची. चहाचा चोथा कचऱ्यात.

संडासाच्या बाजूने मात्र आपली सवय कामाला येते. पाणी जास्त वापरलं की टाकी लवकर भरते हे खरं, पण आतलं सगळं पातळ राहतं आणि वाहून जातं. कागद वापरत असाल, तर एक साधी परीक्षा करा: बरणीत पाणी घेऊन दोन-तीन चौकोन टाका, झाकण लावून जोरात हलवा. लगेच तुकडे-तुकडे झाले तर तो चालेल. अखंड राहिला, तर तोच उद्या खाचेत सापडणार. ओले वाइप्स, ‘फ्लश करता येतात’ असं पाकिटावर लिहिलेले सुद्धा, टाकीत जाता कामा नयेत.

पूर्ण हुकअपच्या जागी, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या ठिकाणी, मुक्काम असला की पुष्कळ जण ब्लॅक व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवतात. पाणी वाहून जातं, जड माल आणि कागद तळाशी राहतो, व्हॉल्व्हच्या तोंडाशी सुकतो. निघताना बंद करायला जावं तर पाते त्या ढिगात रुततं. ब्लॅक बंदच ठेवा, दोन तृतीयांश भरली की एकदम सोडा, तिच्यानंतर ग्रे सोडा. साबणाच्या पाण्याने होजही धुऊन निघतो.

तपासणी ४: वंगण

खाच साफ झाली, पण हँडल जड आहे आणि शेवटच्या सेंटिमीटरला अडतंय, तर सील कोरडं पडलंय. हँडल पूर्ण बाहेर ओढून उघड्या पडलेल्या दांडीवर सिलिकॉनचा फवारा मारा, दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पात्यापर्यंत वंगण पोचवायचं तर व्हॉल्व्हसाठी बनवलेलं द्रव वंगण रिकाम्या टाकीत संडासातून ओता आणि व्हॉल्व्ह काही वेळा हलवा.

गंजलेले स्क्रू सोडवायचं पेट्रोलियम तेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन यांतलं काही लावू नका. दोन दिवस हँडल झकास चालतं, मग रबर फुगतं आणि पाते पहिल्यापेक्षा जास्त अडतं. खाण्याचं तेल ओतणारेही भेटतात. ते पाण्यावर तरंगतं, खवट होतं आणि चिकट थर सोडतं.

तपासणी ५: बोल्ट

सांगाड्याच्या जोडावरून ओल येत असेल तरच. चारही बोल्ट ७/१६ इंची पान्याने तपासा. सैल असेल तर समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी आठवा हिस्सा फेरा आवळा. ओल थांबली की हात थांबवा. जास्त आवळल्याने गळती कमी होत नाही. प्लॅस्टिकचा फ्लँज वाकतो, सील बाहेर फुगतं आणि पाते आत चिमटलं जातं. चौघांपैकी एकच बोल्ट प्राणपणाने आवळलेला आणि फ्लँजला कानाशी चीर, हे दृश्य नेहमीचं आहे.

मधल्या काळासाठी: बाहेरचा दुसरा व्हॉल्व्ह

सहलीच्या मध्यात आहात आणि दुरुस्तीला वेळ नाही, तर कॅपच्या जागी फिरवून बसणारा ३ इंची जोड-व्हॉल्व्ह लावा. अवजार लागत नाही, गोंद लागत नाही, दोन मिनिटांत बसतो. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी कॅम्पग्राउंडवर हुकअप नसतात. टाकी दोन-तीन दिवस सांभाळून मग व्हॅलीतल्या अपर पाइन्सजवळच्या डम्प स्टेशनवर न्यावी लागते. अशा वेळी हा छोटा व्हॉल्व्ह सोबत असलेला बरा. त्याच्या तोंडावर कॅप तरीही लावायचीच.

पण हा उपाय नाही, थोपवण आहे. आतला व्हॉल्व्ह गळतच राहतो आणि दोन व्हॉल्व्हमधला पाईप घाण पाण्याने भरून राहतो. ब्लॅक गळत असेल आणि तेव्हा ग्रेचं हँडल उघडं राहिलं, तर ते पाणी ग्रे टाकीत चढतं. थंडीत हा भरलेला पाईप गोठून फुटतो. म्हणून उघडताना आधी होज, मग जोड-व्हॉल्व्ह, मग आतले.

तपासणी ६: सील किंवा पूर्ण व्हॉल्व्ह बदलणे

वरचं सगळं झालं आणि तरी रंगीत पाणी येतंच आहे, तर आता पाना घ्या. सुट्या सीलची जोडी स्वस्त मिळते, पण सांगाडा काढलाच आहे तर सीलसकट नवा व्हॉल्व्ह बसवणं शहाणपणाचं. फरक थोड्या डॉलरचा असतो आणि जुन्या पात्यावरचे ओरखडे नव्या सीलला लवकर खातात. माप पाईपवरून घ्या. ३ इंची आणि दीड इंची व्हॉल्व्हचे सील अर्थातच एकमेकांना चालत नाहीत.

सामान: व्हॉल्व्ह, दोन सील, पाव इंची स्टेनलेसचे चार नट-बोल्ट, ७/१६ इंचाचे दोन पाने, सिलिकॉन ग्रीस, नायट्राइल हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, उथळ पसरट टब, जुनी फडकी, प्लॅस्टिकची खरवडणी.

टाकी पूर्ण रिकामी करून किमान दोनदा धुवा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही छोटं काम असो. पाण्याचा पंप बंद करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. कुणीतरी सवयीने फ्लश करतं आणि खाली व्हॉल्व्ह नसतो.

टाकी ‘रिकामी’ असली तरी तळाशी एक-दोन लिटर राहतंच. टब नेमका खाली सरकवून मग बोल्ट सोडा. गंजून बसलेला बोल्ट तेल ओतून सोडवत बसण्यापेक्षा करवतीच्या पात्याने कापा. तेल प्लॅस्टिकवर ओघळू नये. चारही बोल्ट निघाले की सांगाडा दोन फ्लँजमधून सरळ बाहेर सरकतो. पाईप ताणून फाकवू नका. टाकीकडचा जोड त्याने हलतो आणि मग छोटं काम मोठं होतं.

जुनं सील काढण्याआधी फोटो काढा. सीलच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि उलटं बसलं तर पहिल्याच दिवशी गळतं. फ्लँज खरवडून, पुसून, बोट फिरवून पाहा. इथे खरखरीत कण राहिला, तर सील त्यावर कधीच बसणार नाही. बॅटरीच्या उजेडात फ्लँजवर केसासारखी चीर आहे का तेही पाहा.

नव्या सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे ते जागेवर चिकटून राहतं. घाईत सांगाडा सरकवला की वरच्या बाजूचं सील हमखास दुमडतं. या कामात सर्वांत जास्त चूक होते ती इथे, आणि ती बाहेरून दिसत नाही. सांगाडा आत गेला की बोटाने चारही बाजूंनी सीलची कड चाचपा. मग चारही बोल्ट हाताने लावा, कर्णरेषेत आवळा, बोटांनी फिरायचे थांबले की पान्याने साधारण पाव फेरा. हँडल पाच-सहा वेळा चालवून पाहा; अडलं तर बोल्ट किंचित सैल करा.

परीक्षा साध्या पाण्याने. आधी पाव टाकी, कॅप उघडी, खाली कोरडा कागद, अर्धा तास. मग पूर्ण टाकी, रात्रभर. सकाळी कागद कोरडा असेल तर दांडीवर मार्करची रेघ मारा.

हातमोजे उतरवल्यावर हात साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

केबल आणि मोटरचे व्हॉल्व्ह

काही गाड्यांत हँडल एका बाजूला आणि व्हॉल्व्ह पोटातल्या झाकणामागे, मध्ये दोन-तीन मीटरची केबल. इथे हँडल पूर्ण आत गेलं म्हणजे पाते बंद झालं, असं नाही. केबल आत गंजते, बाहेरच्या नळीचा पकड-स्क्रू सैल होतो, आणि ढकललेला जोर वाटेतच जिरतो. खात्रीचा मार्ग एकच: झाकण सोडून एकाने हँडल ढकलायचं, दुसऱ्याने व्हॉल्व्हकडची दांडी पाहायची. पकड-स्क्रू सैल असेल तर आवळून भागतं. केबल तुटत आली असेल, तर तेवढ्याच लांबीची नवी टाकावी, आणि तिला तीव्र वळण देऊ नये.

विजेच्या मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासा. ते कमी पडलं की मोटर अर्ध्यावर थांबते. त्यापुढे जाऊ नका.

थंडीतली गळती

उन्हाळ्यात चांगला असलेला व्हॉल्व्ह हिवाळ्यानंतर वसंतात पहिल्याच सहलीला गळाला, तर गोठून फुटलेला समजा. खाचेत राहिलेलं पाणी बर्फ होऊन सांगाडा उकलतं. अशा चिरेवर गोंद किंवा इपॉक्सी टिकत नाही, कारण दर उघड-बंदीला तो भाग हलतो, व्हॉल्व्ह बदलायचा. गाडी हिवाळ्यासाठी उभी करताना टाक्या रिकाम्या करून प्रत्येक सिंक-शॉवरच्या तोंडातून आणि संडासातून गुलाबी रंगाचं आरव्ही अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) सोडा. पाते बुडेल एवढं हवं. टाकीमागे एक-दोन लिटर पुरतं. कारच्या रेडिएटरचं अँटीफ्रीझ विषारी असतं, ते इथे चालत नाही.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

गाडी भाड्याची असेल, तर तपासणी २ च्या पुढे हात लावू नका. फोटो काढा, कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा, कधी आणि काय कळवलं ते लिहून ठेवा. तुम्ही खोललेल्या व्हॉल्व्हची भरपाई तुमच्या अनामत रकमेतून जाऊ शकते.

ओल व्हॉल्व्हवरून नाही तर टाकी आणि पाईपच्या जोडातून येत असेल, तर थांबा. या टाक्या बहुधा पॉलिइथिलीनच्या असतात, त्यावर दुकानातला कोणताही साधा गोंद धरत नाही. ते प्लॅस्टिक वेल्डिंगचं काम आहे.

फ्लँजलाच चीर असेल, तर पाईप कापून नवा फ्लँज चिकटवावा लागतो. कापायला पुरेसा सरळ पाईप उरलेला नसेल, किंवा पाईप काळा एबीएसचा की पांढरा पीव्हीसीचा, आणि त्याला कोणतं सिमेंट (पाईप चिकटवायचा गोंद) लागतं, याबद्दल जराही शंका असेल, तर हे काम स्वतः करू नका. चुकलेला जोड पुन्हा सोडवता येत नाही.

व्हॉल्व्हपर्यंत पोचायला पोटाचं झाकण पूर्ण उतरवावं लागत असेल आणि तिथे गॅसची नळी किंवा वायरिंग आडवं येत असेल, तर थांबा. टाकी भरलेली आहे आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही, तेव्हाही बोल्ट सोडू नका. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि ते तुमच्या तोंडावर येणार. अशा वेळी टाकी वरून उपसून घेणारी पंपाची गाडी बोलवावी लागते.

नवा व्हॉल्व्ह नीट बसवूनही महिन्याभरात पुन्हा गळायला लागला, तर तिसरा विकत घेऊ नका. दोन फ्लँज एका रेषेत नसावेत किंवा टाकीचा आधार खचून पाईपवर भार येत असावा. ते गाडी उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि त्यासाठी लिफ्ट असलेलं वर्कशॉपच लागतं.